एका दिवसाचे दोन धनी

थोर पुरुषांचें स्मरण करण्याच्या रीती देशोदेशीं वेगवेगळ्या आहेत. कोणी पुतळा उभारतो, कोणी रस्त्यास नांव देतो, कोणी टपालाच्या तिकिटावर चित्र छापतो. या सर्वांत स्वस्त दिसणारी, पण हिशेब करूं गेल्यास सर्वांत महाग पडणारी रीत म्हणजे वर्षाच्या दिवसांपैकीं एक दिवस त्या पुरुषाच्या नांवें लिहून देणें ही होय. पुतळ्याला पैसा एकदांच लागतो. दिवस मात्र दर वर्षीं परत येतो, आणि तो सुटीचा असला तर दर वर्षीं आपलें मोल मागून घेतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे दिवस देण्याचें काम घटक राज्यांचीं कायदेमंडळें करीत असतात. बिल मांडावयाचें, समितीपुढें न्यावयाचें, सभागृहांत मतें मोजावयाचीं, गव्हर्नराची सही घ्यावयाची, आणि मग कायद्याच्या पुस्तकांत एक ओळ वाढते. त्या एका ओळीसाठीं केवढे झगडे झाले, आणि ज्यांच्या कार्यांचा एकमेकांशीं उभा दावा अशा दोन पुरुषांचीं नांवें एकाच तारखेवर कशीं येऊन बसलीं, ही हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे.

प्रारंभींच एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आपल्याकडे सार्वजनिक सुट्या राज्य सरकार अधिसूचना काढून जाहीर करतें, आणि तिला आधार असतो तो हुंड्या, चेक इत्यादि दस्तऐवजांसंबंधींच्या १८८१ सालच्या कायद्याचा. सुटी द्यावी कीं न द्यावी, यावर आमदारांची मतें मोजण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. अमेरिकेंत उलट स्थिति आहे. शिवाय तेथें ‘राष्ट्रीय सुटी’ हा प्रकार काटेकोर अर्थानें नाहींच. वॉशिंग्टन येथील काँग्रेसनें एखादा दिवस सुटीचा ठरविला, तर तो मध्यवर्ती सरकारच्या नोकरांना आणि राजधानीच्या जिल्ह्याला तेवढा लागू होतो. बाकी पन्नास राज्यांनीं आपापल्या कचेऱ्या त्या दिवशीं उघड्या ठेवाव्या कीं बंद, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. त्यामुळें एकाच पुरुषाच्या नांवाचा दिवस एका राज्यांत भरपगारी सुटीचा, शेजारच्या राज्यांत नुसता नांवाचा, आणि तिसऱ्यांत मुळींच नाहीं, असें होऊं शकतें. आणि तसें झालेंही.

आमच्या हकीकतींतला पहिला पुरुष जनरल रॉबर्ट एडवर्ड ली. त्यांचा जन्म १९ जानेवारी १८०७ रोजीं व्हर्जिनिया राज्यांत झाला. संयुक्त संस्थानांच्या सैन्यांत बत्तीस वर्षें चाकरी केल्यावर १८६१ च्या एप्रिलांत त्यांनीं तिचा राजीनामा दिला, आणि गुलामगिरी राखण्यासाठीं फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या बाजूनें शस्त्र धरलें. चार वर्षांनीं, ९ एप्रिल १८६५ रोजीं, ॲपोमॅटॉक्स या गांवीं जनरल ग्रँट यांच्यापुढें त्यांनीं शरणागति पत्करली. १८७० सालीं ते वारले. सेनापति या नात्यानें त्यांची योग्यता शत्रुपक्षानेंही मान्य केली आहे, तिच्याविषयीं वाद करण्याचें येथें कारण नाहीं.

पराभूत सेनापतीचा जन्मदिवस विजयी राष्ट्राच्याच एका राज्यानें सरकारी सुटीचा करावा, हें वरवर पाहतां चमत्कारिक वाटेल. पण व्हर्जिनियानें १८८९ सालीं तें केलें. त्या वर्षीं राज्याच्या गव्हर्नरपदावर जनरल ली यांचाच पुतण्या फिट्झह्यू ली हा होता, ही गोष्ट जातां जातां नमूद करण्याजोगी आहे. मात्र सगळा भार पुतण्याच्या प्रेमावर टाकून चालणार नाहीं. १८७७ नंतर दक्षिणेंतून मध्यवर्ती सरकारची फौज निघून गेली होती, आणि युद्धापूर्वीं जो वर्ग सत्तेवर होता त्याच्याच हातीं सत्ता पुन्हा आली होती. त्या वर्गाला आपल्या पराभवाची एक नवी कथा हवी होती. युद्ध गुलामगिरीसाठीं झालेंच नाहीं, तें राज्यांच्या हक्कांसाठीं झालें. आपण हरलों तें संख्याबळानें, नीतीनें हरलों नाहीं. अशी ती कथा. तिला एक निष्कलंक नायक लागत होता, आणि शांत वृत्तीचा, घरंदाज, अश्वारूढ ली त्या जागीं नेमका बसला. १८९० सालीं रिचमंड येथें त्याचा प्रचंड अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९०२ सालीं व्हर्जिनियानें नवी राज्यघटना अंमलांत आणली, आणि डोईपट्टी व वाचन-आकलनाची परीक्षा यांच्या जोरावर कृष्णवर्णीय नागरिकांचा मतदानाचा हक्क जवळजवळ काढून घेतला. पुढें दोनच वर्षांनीं, १९०४ सालीं, लीच्या दिवसांत जनरल टॉमस जॅक्सन याचें नांव घालण्यांत आलें. जॅक्सनचा जन्म २१ जानेवारीचा. १८६३ सालीं रात्रीच्या अंधारांत स्वतःच्याच सैनिकांच्या गोळ्या लागून तो जखमी झाला व त्यांतच गेला. मताचा हक्क काढून घेणें आणि सुटीच्या दिवसाला आणखी एक वीर जोडणें, हीं दोन कृत्यें एकाच हातचीं आहेत, हें ज्याला दिसत नाहीं त्याला सुट्यांचा इतिहास कळावयाचा नाहीं.

यांत विनोद असा कीं, खुद्द लीला हें पसंत पडलें नसतें असें मानण्यास जागा आहे. १८६९ सालीं गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारकाच्या खुणा उभारण्यासाठीं त्यास बोलावणें आलें, तेव्हां युद्धाच्या जखमा उघड्या ठेवण्यापेक्षां यादवीच्या खुणा पुसून टाकणाऱ्या राष्ट्रांचें अनुकरण करणें शहाणपणाचें, अशा आशयाचें उत्तर देऊन तो गेला नाहीं. मेलेल्या माणसाचें मत विचारण्याची चाल कोणत्याच कायदेमंडळांत नाहीं.

दुसरे पुरुष डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. जन्म १५ जानेवारी १९२९, ॲटलांटा येथें. हत्या ४ एप्रिल १९६८, मेंफिस येथें. मधल्या एकोणचाळीस वर्षांचें चरित्र मराठी वाचकास अपरिचित नाहीं. १९५९ सालीं ते हिंदुस्थानांत येऊन गेले, त्या वेळीं मुंबईस मणिभवनांत उतरले होते. हत्येनंतर चारच दिवसांनीं, ८ एप्रिल रोजीं, काँग्रेसचे सभासद जॉन कॉनियर्स यांनीं किंग यांचा जन्मदिवस सुटीचा करावा असें बिल मांडलें. तें मंजूर होण्यास पंधरा वर्षें लागलीं. मध्यंतरीं कांहीं राज्यें पुढें गेलीं. इलिनॉय राज्यानें १९७३ सालीं कायदा केला. तो आणणारे हॅरोल्ड वॉशिंग्टन हे पुढें शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगराध्यक्ष झाले. १९७९ सालीं मध्यवर्ती बिल प्रतिनिधिसभेंत आलें, पण त्या वेळच्या पद्धतीप्रमाणें दोन-तृतीयांश मतें हवीं होतीं आणि तीं पांचांनीं कमी पडलीं. किंग यांच्या पत्नी कोरेटा यांनीं नेट सोडला नाहीं. गायक स्टीव्ही वंडर यानें या मागणीसाठीं गाणें रचलें, आणि साठ लाख सह्यांचा अर्ज काँग्रेसपुढें गेला.

विरोधकांचें मुख्य बोलणें खर्चासंबंधीं होतें. सरकारी नोकरांस आणखी एक दिवस बसून पगार द्यावयाचा, म्हणजे तिजोरीस केवढी खोट! शिवाय ज्यानें कधीं सरकारी पद भूषविलें नाहीं अशा खाजगी गृहस्थास वॉशिंग्टनच्या जोडीला बसवावयाचें काय, असाही प्रश्न होता. खर्चाचें गणित मांडणारांस, गुलामगिरीच्या शतकांची किंमतही त्याच गणितांत धरा, असें रिपब्लिकन पक्षाचेच सिनेटर रॉबर्ट डोल यांनीं सुनावलें. १९८३ सालीं इंडियाना राज्याच्या प्रतिनिधि केटी हॉल यांनीं बिलांत एक व्यावहारिक फरक केला. १५ जानेवारी ही ठाम तारीख सोडून त्यांनीं जानेवारीचा तिसरा सोमवार धरला. शनिवार-रविवारास जोडून सुटी आली म्हणजे कामाचा खोळंबा कमी होतो, हा त्यांतला हिशेब. प्रतिनिधिसभेंत ३३८ विरुद्ध ९० आणि सिनेटांत ७८ विरुद्ध २२ अशा मतांनीं बिल पास झालें. सुरुवातीस नाखूष असलेले राष्ट्राध्यक्ष रीगन यांनीं २ नोव्हेंबर १९८३ रोजीं त्यावर सही केली, आणि २० जानेवारी १९८६ रोजीं पहिला दिवस पाळला गेला.

आतां त्या तिसऱ्या सोमवाराकडे जरा बारकाईनें पाहूं. कोणत्याही महिन्याचा तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांच्या आंतच यावयाचा. किंग यांची जन्मतारीख १५, लीची १९, आणि जॅक्सनची २१. तिघांचेही जन्मदिवस त्या सात दिवसांच्या कक्षेंत बरोबर पडतात. हा केवळ जन्मकाळचा योगायोग; परंतु त्यामुळें दक्षिणेंतील कायदेमंडळांचें काम फार सोपें झालें. जानेवारीच्या त्या सुमारास एक सुटी त्यांच्या यादींत आधींपासूनच होती. नवी सुटी निर्माण करण्याचें कारण उरलें नाहीं. जुन्या सुटीच्या नांवापुढें दुसरें नांव लिहिलें कीं काम भागलें, आणि खर्चाचा प्रश्नही मिटला.

व्हर्जिनियांत तर याआधींच एक गंमत झाली होती. डग्लस वाइल्डर हे तेथील सिनेटांतले कृष्णवर्णीय सभासद किंग यांच्या दिवसाची मागणी वर्षानुवर्षें लावून धरीत होते. शेवटीं १९७८ पासून किंग यांचें स्मरण नववर्षाच्या पहिल्या दिवशीं करावें असें ठरलें. १ जानेवारीशीं त्या पुरुषाचा संबंध तो काय? संबंध एवढाच कीं, त्या दिवशीं कचेऱ्या नाहीं तरी बंदच असतात. घरीं लग्न निघालें असतां त्याच मांडवांत मुंज उरकून घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार. पुढें १९८४ सालीं काँग्रेसचा कायदा झाल्यावर व्हर्जिनियानें किंग यांस १ जानेवारीवरून उठवून ली आणि जॅक्सन यांच्या शेजारीं आणून बसविलें, आणि त्या दिवसाचें सरकारी नांव ‘ली-जॅक्सन-किंग दिन’ असें झालें. सोळा वर्षें हें नांव चाललें. यादवी युद्धाच्या शेवटास ज्यांचे पूर्वज बंधमुक्त झाले अशा लोकांनीं आपल्या पुढाऱ्याचें नांव तिसऱ्या क्रमांकावर, आणि तें मुक्ति रोखण्यासाठीं लढलेल्या दोन सेनापतींच्या मागें वाचावयाचें!

आर्कन्सानें १९८५ सालीं ली आणि किंग एक केले. मिसिसिपीच्या कायद्यांत तिसऱ्या सोमवारापुढें कंसांत दोघांचे जन्मदिवस लिहिले आहेत, पैकीं लीचा आधीं. त्याच कलमांत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं, म्हणजे ज्या दिवशीं युद्धांत मेलेल्या सैनिकांचें राष्ट्र स्मरण करतें त्या दिवशीं, त्या राष्ट्राविरुद्ध लढलेल्या दक्षिण संघाचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचाही जन्मदिवस नोंदलेला आहे.

अलाबामाची गोष्ट अधिक बोलकी आहे. तेथील राजधानी माँटगमरी. १८६१ च्या फेब्रुवारींत याच डेव्हिसनें राज्यसभागृहाच्या पायऱ्यांवर शपथ घेतली. ती जागा दाखविणारी पितळी चांदणी अजून तेथें बसविलेली आहे. पायऱ्यांवरून हाकेच्या अंतरावर डेक्स्टर रस्त्यावरचें लहानसें विटांचें चर्च दिसतें. तेथें १९५४ पासून १९६० पर्यंत डॉ. किंग धर्मोपदेशक होते, आणि १९५५ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या बसबहिष्काराचे ते पुढारी झाले. १९६३ च्या जानेवारींत गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यानें डेव्हिसच्याच जागीं उभें राहून वर्णभेद सदैव राखण्याची घोषणा केली. १९६५ च्या मार्चांत सेल्माहून निघालेला किंग यांचा मोर्चा त्याच पायऱ्यांखालीं येऊन थांबला, तेव्हां आंत गव्हर्नर वॉलेसच होता. पुढें लीच्या दिवसाला किंग यांचें नांव जोडलें गेलें, तेव्हांही गव्हर्नर तोच. मात्र मधल्या काळांत त्यानें कृष्णवर्णीयांची क्षमा मागितली होती, आणि १९८२ ची निवडणूक त्यांच्याही मतांवर जिंकली होती. या एका माणसाच्या चरित्रांत त्या जोडनांवाचा सगळा अर्थ सांठला आहे असें आम्हांस वाटतें: जुन्या मतदारास दुखवावयाचें नाहीं, आणि नव्यास रिक्त हस्तें परत पाठवावयाचें नाहीं.

या जोडनांवांचे कैवारी कांहीं अगदींच निरुत्तर होत नाहींत. ते म्हणतात, दोघेही दक्षिणेचे पुत्र, दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती. एका दिवशीं दोघांचें स्मरण झालें तर तो समेटच नव्हे काय? शिवाय अलाबामाच्या कायद्याची ही सवयच आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारीं तेथें वॉशिंग्टनबरोबर जेफरसनचाही जन्मदिवस पाळतात, आणि जेफरसन बिचारा जन्मला १३ एप्रिलास! ऑक्टोबरांत कोलंबसाच्या दिवशींच आदिवासी इंडियनांच्या वारशाचाही दिवस येतो. पण हीं दोन उदाहरणें एकत्र ठेवलीं कीं त्यांतला फरक आपोआप उघडा पडतो. वॉशिंग्टन आणि जेफरसन एका पंक्तीस बसल्यानें कोणाचें मन दुखावत नाहीं. कोलंबस आणि इंडियन यांची पंगत मात्र ली-किंग यांच्या पंगतीच्याच जातीची आहे. तेथें दुसऱ्याचें पान मांडलें जातें तें पहिल्याला उठवावें लागूं नये म्हणून. समेट दोन पक्षांच्या कबुलीनें होतो. येथें ज्या पक्षानें अन्याय केला त्यानेंच अटी लिहिल्या, आणि आपल्या नायकाचें नांव आधीं घातलें.

तरीपण आम्हीं आणखी एक गोष्ट विचारांत घेतली आहे. त्या काळीं दक्षिणेंतील कायदेमंडळांत कृष्णवर्णीय सभासद थोडे होते. जोडनांव नाकारलें असतें तर त्यांच्या हातीं कदाचित् कांहींच लागलें नसतें. त्यांनीं दिवस पदरांत पाडून घेतला आणि नांवाचा तंटा पुढच्या पिढीवर सोपविला. पुढें मिरवणुका निघाल्या त्या किंग यांच्या. शाळांतून आणि चर्चांतून भाषणें झालीं तीं किंग यांच्यावर. ली हळूहळू सरकारी कागदांपुरता उरला. यावरून ती तडजोड शहाणपणाची होती असें कोणी म्हटलें तर आम्ही त्याशीं भांडणार नाहीं. पण कागदावर उरणें म्हणजे कांहींच न उरणें, असें मात्र नाहीं. कचेरीच्या दारावर लागणारी सुटीची नोटीस ही राज्याची वाणी असते, आणि गुलामांच्या पणतवंडास तीच नोटीस वाचून घरीं जावें लागतें.

दक्षिणेबाहेर सर्वत्र उदारपणा नांदत होता असें मात्र वाचकांनीं समजूं नये. न्यू हॅम्पशायरनें १९९१ सालीं दिवस दिला, पण त्याचें नांव ‘नागरी हक्क दिन’ ठेवलें. किंग यांचें नांव त्यांत येण्यास १९९९ साल उजाडलें. यूटा राज्यांत २००० पर्यंत तो ‘मानवी हक्क दिन’ होता. कार्य चालेल, पण कर्त्याचें नांव नको, असा हा सोंवळा प्रकार.

सर्वांत मोठी धांदल उडाली ती ॲरिझोनांत. १९८६ सालीं तेथील प्रतिनिधिगृहांत किंग यांच्या दिवसाचें बिल एका मतानें पडलें. तेव्हां गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनीं आपल्या अधिकारांत हुकूम काढून दिवस जाहीर केला. राज्याच्या ॲटर्नी जनरलनें मत दिलें कीं, गव्हर्नराला असा अधिकारच नाहीं. सुटी देणें हें कायदेमंडळाचें काम. १९८७ च्या जानेवारींत एव्हन मेकम हा गव्हर्नर झाला आणि त्यानें तो हुकूम रद्द केला. देशभर ओरड झाली, गायकांनीं आणि संमेलनें भरविणाऱ्या संस्थांनीं त्या राज्यावर बहिष्कार टाकला. मेकमला दुसऱ्याच आरोपांवरून १९८८ सालीं पदच्युत व्हावें लागलें. १९८९ सालीं कायदेमंडळानें तोड काढली, ती अशी कीं कोलंबसाची सुटी काढून किंग यांस द्यावी. यावर इटालियन वंशाचे नागरिक रागावले. अखेर १९९० सालीं मतदारांपुढें दोन पर्याय ठेवण्यांत आले, कोलंबसाच्या जागीं किंग, किंवा कोलंबस आणि किंग दोघेही. मतें दुभंगलीं आणि दोन्ही पर्याय पडले. दुसरा तर अगदीं थोडक्यांत पडला. याची शिक्षा भलत्याच ठिकाणाहून आली. अमेरिकन फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना, ज्यास तेथें ‘सुपर बोल’ म्हणतात, १९९३ सालीं ॲरिझोनांतील टेंपी येथें व्हावयाचा होता. तो चालकांनीं कॅलिफोर्नियांत पॅसाडिना येथें नेला. १९९२ सालीं प्रश्न पुन्हा मतदारांपुढें गेला आणि या वेळीं दहांपैकीं सहांनीं होकार दिला. जनतेच्या थेट मतानें किंग यांचा दिवस मंजूर करणारें असें तें पहिलें राज्य ठरलें. हा मान त्याला न्यायबुद्धीनें मिळाला कीं बुडालेल्या उत्पन्नाच्या धसक्यानें, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. दोहोंचाही त्यांत वांटा असावा.

दक्षिण कॅरोलिनांत २००० सालापर्यंत सरकारी नोकरास निवड करण्याची मुभा होती: किंग यांचा दिवस घ्यावा, नाहीं तर दक्षिण संघाच्या तीन दिवसांपैकीं एक घ्यावा. म्हणजे कोणता कारकून कोणत्या दिवशीं घरीं बसतो यावरून त्याचें राजकारण साऱ्या कचेरीस कळावें! २००० सालीं किंग यांचा दिवस सर्वांस सक्तीचा झाला. त्याच कायद्यानें १० मे हा दक्षिण संघाच्या मृत सैनिकांचा दिवसही सर्वांस भरपगारी झाला. ही १० मे तारीख जनरल जॅक्सनच्या मृत्यूची होय.

येथवर ज्यांचें वर्णन केलें ते पगाराचे दिवस. यांशिवाय बिनपगारी दिवसांची एक मोठी फौज आहे, आणि कायदेमंडळें तीं सढळ हातानें वांटतात, कारण त्यांना कांहीं पडत नाहीं. मिसिसिपीच्या ज्या कलमांत ली आणि किंग आहेत त्याच कलमांत १६ ऑगस्ट हा गायक एल्व्हिस प्रेस्ली याचा दिवस म्हणून सांगितला आहे, आणि लगेच, ही कायदेशीर सुटी समजूं नये, अशी तंबी दिली आहे. तथापि सर्वच बिनपगारी दिवस पोकळ असतात असें नाहीं. कॅलिफोर्नियाच्या शिक्षणविषयक कायद्यांत ‘विशेष महत्त्वाचे दिवस’ असा वर्ग आहे. त्या दिवशीं शाळा भरते, आणि त्या पुरुषाविषयीं मुलांना कांहीं शिकवावें अशी अपेक्षा असते. ३० जानेवारी हा फ्रेड कोरेमात्सु यांचा दिवस असाच, २०१० च्या कायद्यानें आलेला. जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांस १९४२ सालीं छावण्यांत नेण्यांत आलें, तेव्हां या तरुणानें जाण्यास नकार दिला. १९४४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्याच्यावरचा दोषारोप पुसला जाण्यास १९८३ साल उजाडलें. वर्गांत बसून ही गोष्ट ऐकणारा मुलगा घरीं झोपून सुटी घालविणाऱ्या मुलाहून त्या स्मरणाच्या अधिक जवळ असतो, असें म्हणण्याचा मोह होतो.

आपल्या ओळखीचें एक नांवही या वर्गांत येऊं लागलें आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें १४ एप्रिल २०२१ हा दिवस ‘डॉ. आंबेडकर समता दिन’ म्हणून जाहीर केला. हा कायदा नव्हे, नुसता जाहीरनामा. त्याच्यामागें सुटी नाहीं, पगार नाहीं. परंतु महूस जन्मलेल्या आणि मुंबईच्या चाळींत वाढलेल्या पुरुषाचें नांव पॅसिफिकच्या कांठच्या एका सरकारनें आपल्या मोहोरेखालीं छापलें, आणि तें मागणारे लोक तेथें जाऊन स्थायिक झालेले होते, ही गोष्ट नोंदण्यासारखी खास आहे.

जोडनांवें कशीं सुटलीं तें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी व्हावयाची नाहीं. जॉर्जियांत लीचा दिवस नोव्हेंबरांतल्या एका सुटीच्या आडोशास लपविलेला असे; २०१५ सालीं चार्ल्स्टनच्या चर्चांत नऊ कृष्णवर्णीय उपासकांची हत्या झाल्यावर त्याचें नांव काढून तेथें ‘राज्याची सुटी’ एवढाच कोरडा शब्द घातला. आर्कन्सांत २०१५ चा प्रयत्न फसला, पण २०१७ च्या मार्चांत गव्हर्नर एसा हचिन्सन यांच्या सहीनें ली आणि किंग वेगळे झाले. जानेवारीचा सोमवार एकट्या किंग यांचा झाला. लीला ऑक्टोबरचा दुसरा शनिवार मिळाला. त्या दिवशीं गव्हर्नरानें जाहीरनामा काढावयाचा, सुटी नाहीं. शनिवार निवडल्यामुळें तो प्रश्नच उद्भवत नाहीं. अलाबामा आणि मिसिसिपी यांच्या यादींत मात्र २०२५ च्या जानेवारींतही दोन्ही नांवें एकत्रच होतीं.

व्हर्जिनियानें २००० सालीं प्रथम अर्धी वाट चालून पाहिली. किंग यांस सोमवार स्वतंत्र दिला, आणि ली-जॅक्सन यांस त्याच्या आदला शुक्रवार. वैऱ्यांना वेगळें केलें खरें, पण त्यामुळें सरकारी नोकरांस शुक्रवारपासून सोमवारपर्यंत सलग चार दिवस सुटी मिळूं लागली, आणि या सोयीपुढें वीस वर्षें तत्त्वाचा प्रश्न मागें पडला. शार्लट्सव्हिल शहरानें २०१५ सालीं ली-जॅक्सनचा दिवस पाळणें सोडलें, इतरही कांहीं ठिकाणीं तसें झालें. लेक्सिंग्टन या गांवीं, जेथें दोन्ही सेनापतींच्या समाधि आहेत, तेथें जुन्या निशाणांचे भक्त दर जानेवारींत जमत राहिले. शेवटीं २०२० च्या एप्रिलांत गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनीं तो दिवस यादींतून काढणाऱ्या बिलावर सही केली. सुट्यांची संख्या मात्र कमी करावयाची नव्हती. म्हणून त्याच कायद्यानें लीच्या शुक्रवाराऐवजीं नोव्हेंबरांतला मंगळवार, म्हणजे मतदानाचा दिवस, राज्याच्या सुटीचा ठरविला. आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजीं व्हर्जिनियाच्या सरकारी कचेऱ्या प्रथमच त्या कारणानें बंद राहिल्या.